वाचकांचे प्रश्न : बँकेच्या काउंटरवरून समुपदेशनाच्या खोलीत

गेल्या अंकात या सदराच्या आरंभी माझा परिचय एका ओळीत छापला होता : ‘वीस वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी, नंतर मानसशास्त्राचे शिक्षण, सध्या नाशिक येथे समुपदेशक.’ त्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे वाचकांच्या स्वतःच्या अडचणींविषयी नसून या एका ओळीविषयी आहेत. ज्याच्यासमोर मन मोकळे करायचे तो माणूस कोण आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांसाठीच ठेवले आहे. उत्तरांत आलेली माणसांची उदाहरणे दोन-तीन व्यक्तींची मिळून केलेली आहेत, त्यामुळे कोणी स्वतःला त्यांत शोधू नये.

प्रश्न : आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेली व्यक्ती लोकांच्या मनाविषयी काय सांगणार, असे आपला परिचय वाचून वाटले. विचारणे उद्धटपणाचे असल्यास क्षमा असावी. आपण बँक का सोडली, आणि त्या नोकरीचा या कामाशी काही संबंध आहे का?
(एक निवृत्त तलाठी, सातारा)

क्षमा कशाला मागता? माझ्या सख्ख्या मामांनी हाच प्रश्न मला याहून पुष्कळ कडक शब्दांत विचारला होता.

१९८९ साली बँकिंग सेवा भरती मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होऊन मी लिपिक म्हणून रुजू झाले. आमच्या शाखेत तेव्हा संगणक नव्हता. जाडजूड लेजर, व्हाउचरांचे गठ्ठे आणि पैसे काढायला आलेल्या माणसाच्या हातात द्यायचे पितळी टोकन, असा तो कारभार होता. टोकन घेऊन बाकावर बसलेली माणसे आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत आमच्याशी बोलत बसत, आणि त्या बोलण्यात पैसे किती काढायचे हे आधी येई, कशासाठी काढायचे हे मात्र फार उशिरा, बहुधा उठता उठता येई. पुढे मी अधिकारी झाले आणि शेवटची सहा वर्षे थकीत कर्जांच्या वसुलीत घालवली. २००२ चा सरफेसी कायदा, म्हणजे न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याची मुभा बँकांना देणारा कायदा, तेव्हा नवा होता, आणि मार्च २००४ पासून हप्ता ९० दिवस थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरू लागले होते. मग ६० दिवसांची मागणी नोटीस, तरीही भरणा न झाल्यास तारण मालमत्तेच्या दारावर ताब्याची नोटीस, तिचा फोटो आणि पंचनामा, असा क्रम असे.

२००५ च्या उन्हाळ्यात अशीच एक नोटीस घेऊन मी एका गिरणीवाल्याकडे गेले. पुढे पिठाची गिरणी, मागे राहण्याच्या दोन खोल्या आणि सगळेच तारण. शिपायाने खळीचा डबा उघडला तेव्हा ते गृहस्थ एवढेच म्हणाले, “मॅडम, दाराच्या आतल्या बाजूला लावा ना. रविवारी मुलीला बघायला येणार आहेत.” नोटीस ठळक जागी लागली पाहिजे असा नियम होता आणि तो मी त्यांना सांगितला. नोटीस बाहेरच लागली. त्यांच्या पत्नीने आमच्यासाठी चहा आणला होता. तीन कप होते आणि तिन्ही वेगवेगळ्या ठेवणीचे होते, हे मला आजही आठवते. पण त्या बाईंचा चेहरा आठवत नाही, कारण मी वर पाहिलेच नाही.

त्या दारापाशी माझे मन पालटले, असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या दारावर नोटीस लावली आणि पुढे चार वर्षे नोकरी केली. त्याचे कारणही सांगून टाकते : १९९५ च्या पेन्शन नियमांनुसार वीस वर्षे सेवा झाल्याशिवाय स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला पेन्शन नव्हते.

या कामाकडे मी वळले ती एका सहकाऱ्यामुळे. आमच्या हेड कॅशियरच्या रोकडीत एका संध्याकाळी मोठी तूट निघाली, ती त्यांच्याकडून वसूल झाली, आणि त्यानंतर त्यांची झोप गेली. जेवण तुटले, नोटा मोजताना हात थरथरू लागले. घरच्यांच्या विनंतीवरून मी त्यांच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी औषधे लिहून दिली आणि शेजारच्या खोलीतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवले. आमच्या कॅशियरसाहेबांच्या आग्रहाने मीही आत बसले होते. त्या बाईंनी अर्ध्या तासात जेमतेम चार प्रश्न विचारले असतील. मी त्याच माणसाशी त्याच विषयावर महिनाभर बोलत होते, धीर देत होते, उदाहरणे सांगत होते. आणि चौथ्या प्रश्नानंतर तो माणूस मला कधीही न सांगितलेली गोष्ट सांगू लागला. बाईंच्या स्वभावात गोडवा होता असे मुळीच नाही, किंबहुना त्या जरा रुक्षच वाटल्या. हा स्वभावाचा भाग नसून हे कसब आहे, आणि कसब असेल तर ते शिकता येईल, असे मला त्या खोलीतून बाहेर पडताना वाटले.

२००९ मध्ये नोकरी सोडून, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी एम.ए.च्या वर्गात जाऊन बसले. संख्याशास्त्राच्या तासाला मुले माझ्या शेजारची जागा धरत, आणि मुलाखतीच्या सरावाला मात्र माझ्यासमोर बसायला कोणी तयार नसे. त्याचे कारण आमच्या सरांनी ध्वनिमुद्रण ऐकवून दाखवले : दहा मिनिटांत मी चौदा प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या अकरांचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच होते. कर्जाच्या मुलाखतीतला प्रत्येक प्रश्न पडताळणीसाठी असतो. समोरचा सांगतो ते कागदाशी जुळते का, हे अधिकारी पाहत असतो आणि अर्जदारालाही ते ठाऊक असते. समुपदेशनातला प्रश्न मात्र समोरच्याने स्वतःचे म्हणणे स्वतःच ऐकावे यासाठी असतो. हा फरक कळायला मला एक दिवस लागला आणि अंगवळणी पडायला तीन वर्षे. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, बँकेने मला माणसांना बोलू देण्याची थोडी सवय लावली होती, पण त्याहून कितीतरी जास्त मला तिथले विसरावे लागले.

प्रश्न : ‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ आहे. आपण उपदेश करता काय? नसल्यास नेमके काय करता?
(मराठीच्या निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर)

बाई, आपण शब्दावर बोट ठेवलेत ते योग्यच आहे. दिश् म्हणजे दाखवणे, त्याला ‘उप’ आणि ‘सम्’ जोडून हा शब्द घडवला गेला, आणि ज्यांनी तो घडवला त्यांच्या मनात ‘जवळ बसून दाखवणे’ असे काही असावे असे मी समजून घेते. व्यवहारात मात्र या शब्दाने आमचे पुष्कळ नुकसान केले आहे. “जरा याला समजावून सांगा” असे म्हणून माणसे आणून सोडली जातात, आणि आणलेला माणूस आता इथेही बोलणी खायची आहेत अशा बेताने खुर्चीच्या कडेवर बसतो.

उपदेश मीही केलेला आहे. प्रशिक्षणात माझ्याकडे आलेल्या पहिल्याच तरुणाला मी तासाच्या शेवटी पाच मुद्द्यांची यादी लिहून दिली होती : सकाळी लवकर उठणे, फिरायला जाणे, मित्रांना फोन करणे वगैरे. त्याने ती वाचली, नीट घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, “ताई, हे सगळं माझा दादापण सांगतो.” तो पुन्हा आला नाही. यादीतला एकही मुद्दा चुकीचा नव्हता.

आज मी जे करते त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याकडून घेतलेला आहे. समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणे, त्याला अटी न घालता स्वीकारणे आणि स्वतः खोटेपणाने न वागणे या गोष्टी उपचार करणाऱ्याकडे असल्याशिवाय माणसात बदल घडत नाही, असे त्यांनी १९५७ मध्ये मांडले. वाचायला हे सोपे वाटते. मुलाला रोज पट्ट्याने मारणारा बाप समोर बसलेला असताना त्याचे वागणे न स्वीकारता माणसाला स्वीकारायचे म्हणजे काय, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरा भाग विवेकनिष्ठ मानसोपचाराचा, म्हणजे आरईबीटीचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात परकी राहिली नाही, याचे श्रेय मुख्यतः मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांना जाते. ठाण्यात १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनीही ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. तिचे म्हणणे असे की घटना आणि तिच्यामुळे होणारा त्रास यांच्या मध्ये आपली एक समजूत उभी असते, आणि त्रासाचा मोठा वाटा त्या समजुतीचा असतो. एका निवृत्त गृहस्थांचे उदाहरण घ्या. मुलाचा रविवारी फोन आला नाही की त्यांचा सोमवार पूर्ण बिघडत असे, रक्तदाब वाढे, पत्नीवर आरडाओरडा होई. “फोन आला नाही की मनात काय येतं?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “त्याने फोन केलाच पाहिजे. नाही केला तर मी त्याच्या लेखी मेलोच.”

बाई, आपण मराठीच्या शिक्षिका, म्हणून मुद्दाम सांगते. एलिस यांनी ‘पाहिजे’च्या हट्टावर जन्मभर लिहिले, पण आपल्या भाषेत तो हट्ट एका अक्षरात मावतो. त्या गृहस्थांच्या वाक्यात ‘च’ दोनदा आला होता. मी कागदावर ते वाक्य लिहून त्यांना दिले आणि दोन्ही ‘च’ काढून वाचायला सांगितले. ‘त्याने फोन केला पाहिजे’ हे वाचून ते थांबले आणि म्हणाले, “हे मनाला एवढं लागत नाही.” त्यातून लगेच सगळे सुटले असे नाही. ‘केला तर मला बरे वाटेल’ इथपर्यंत यायला त्यांना सहा भेटी लागल्या, आणि मुलाने शेवटपर्यंत दर रविवारी फोन करायला सुरुवात केली नाही ती नाहीच. प्रत्येक ‘च’ घातक असतो असेही नाही. ‘आजच औषध घ्यायला हवे’ यातला ‘च’ मी कधी काढायला सांगणार नाही.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा अभियंता असून वाहन उद्योगात काम करतो. मित्र म्हणतात की माझ्याशी बोलून हलके वाटते. नोकरी सोडून समुपदेशक व्हावे असे दोन वर्षे मनात आहे. आपला सल्ला हवा.
(एक वाचक, चिंचवड)

मागच्याच उत्तरात उपदेशाविरुद्ध बोलले आणि इथे तोच करायची वेळ आली. असो, हा व्यवसायाचा प्रश्न आहे, तेव्हा सांगते.

वयाची चिंता सोडा. कार्ल रॉजर्स विद्यापीठात आधी शेतकी शिकायला गेले होते, मग धर्मोपदेशक होण्यासाठी शिकू लागले आणि तिथून मानसशास्त्राकडे आले. एलिस यांची पहिली पदवी व्यापारविषयक होती. त्यांनी काही वर्षे छोटे धंदे करून पाहिले, कादंबऱ्या लिहून पाहिल्या, आणि १९४७ साली डॉक्टरेट मिळाली तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते. उशिरा येणाऱ्यांची या क्षेत्रात कधी वाण नव्हती.

चिंता करायची ती दुसऱ्या गोष्टींची. मित्रांना आपल्याशी बोलून हलके वाटते हे चांगलेच आहे, पण मित्र आपल्याला उलट विचारतो, आपणही त्याला आपले सांगता, आणि नको असेल त्या दिवशी फोन उचलत नाही. इथे यातले काही करता येत नाही. संध्याकाळी सहाच्या माणसाला सकाळी दहाच्या माणसाइतकेच लक्ष द्यावे लागते, आणि त्याच्या दुःखाला आपले दुःख लावून दाखवण्याची मुभा नसते. शिवाय अभियंत्याला बिघाड शोधून दुरुस्त करण्याची सवय असते. माझ्या पडताळणीच्या सवयीइतकीच ती आपल्याला आड येईल, हे आधीच धरून चाला.

शिक्षणाचा मार्ग अलीकडे बदलला आहे. नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम.ए. करणारे पुष्कळजण होते. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणे थांबवले आहे. म्हणजे आता वर्गात बसून दोन वर्षे, तीही आपली पदवी दुसऱ्या शाखेची असल्यास महाविद्यालयाचे प्रवेशाचे नियम पाहून. ‘सहा आठवड्यांत प्रमाणित समुपदेशक व्हा’ अशा जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. एम.ए.नंतरही खरे शिक्षण सुपरव्हिजनमध्ये होते, म्हणजे आपण केलेले काम, आलेल्या माणसाचे नाव झाकून, दर आठवड्याला ज्येष्ठ व्यक्तीसमोर ठेवायचे आणि त्यांनी ते उसवायचे. याच काळात स्वतःही कोणाकडे तरी समोरच्या खुर्चीत बसून घ्यावे. मी बसले होते, आणि पहिल्या दोन भेटींत खोटे बोलले होते.

पैशाचे बोलायचे तर पहिली तीन वर्षे माझी खोलीच्या भाड्याइतकीही मिळकत नव्हती. पेन्शन होते म्हणून निभावले. आपल्या डोक्यावर घराचे कर्ज असेल तर आधी त्याचा ताळेबंद मांडा. हे मी दोन्ही व्यवसायांच्या वतीने सांगते. राजीनामा देण्याआधी एखाद्या हेल्पलाइनवर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात आठवड्यातून एक संध्याकाळ वर्षभर द्या. पुण्यात मुक्तांगणसारखी संस्था १९८६ पासून काम करते आहे. अशा ठिकाणी तोच माणूस पाचव्यांदा पिऊन परत आलेला पाहिला की आपल्याला या कामात नेमके काय हवे होते ते कळते.

प्रश्न : डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, थेरपिस्ट यांपैकी कोणाकडे जावे आणि समोरचा माणूस खरा आहे हे कसे ओळखावे?
(एक वाचक, अहिल्यानगर)

मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस.नंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, आणि मनाच्या आजारांवरची औषधे त्याच्याकडूनच घ्यावीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांवर औषधांविना उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, असे म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ती विचारता येते आणि तपासताही येते. ‘समुपदेशक’ किंवा ‘थेरपिस्ट’ अशी पाटी मात्र आजवर कोणीही लावू शकत होते, आणि लावतातही. आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात आमच्यासारख्यांचाही समावेश आहे, पण त्यानुसार नोंदवह्या उभ्या राहण्याचे काम अजून चालू आहे. तोपर्यंत सरळ विचारा : कुठून शिकलात, सुपरव्हिजन कोणाकडे घेता, आणि माझी अडचण तुमच्या आवाक्याबाहेरची निघाली तर कोणाकडे पाठवाल? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याच्याकडे त्याचे उत्तर नाही तिथे थांबू नका.

मी स्वतः कोणाला डॉक्टरांकडे पाठवते, तेही सांगते. कित्येक आठवडे झोप नाही, वजन उतरते आहे, कानात आवाज येतात, कोणीतरी पाळतीवर आहे असे वाटते, रोजचे व्यवहारच थांबले आहेत, किंवा जगू नये असे विचार येत आहेत, अशा वेळी केवळ बोलण्यावर विसंबणे मी धोक्याचे समजते. आमच्या कॅशियरसाहेबांना त्या बाईंच्या चार प्रश्नांचा उपयोग झाला, पण आधी औषधाने झोप लागू लागली म्हणून झाला.

प्रश्न : माझ्या दिरांचा यंत्रमागाचा व्यवसाय असून बँकेचे कर्ज थकले आहे. ते कोणाशी बोलत नाहीत, रात्री गच्चीवर फेऱ्या मारतात. आपण वसुलीत होतात, तेव्हा त्यांना एकरकमी तडजोडीचे मार्गदर्शन आणि मानसिक आधार असे दोन्ही एकत्र मिळेल का?
(एक भगिनी, इचलकरंजी)

ताई, दोन्ही एकत्र मी देत नाही, आणि त्याला कारण आहे. व्यवसाय सुरू केल्यानंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे कर्जाने पिचलेले एक दुकानदार येत असत. मी त्यांना बँकेला लिहायच्या अर्जाचा मसुदा करून दिला, कोणत्या साहेबांना भेटावे ते सांगितले, तास संपल्यावरही अर्धा अर्धा तास बसवून घेतले आणि फी घेतली नाही. हे सगळे मी सुपरव्हिजनमध्ये मोठ्या समाधानाने सांगितले. आमच्या मॅडमनी शांतपणे विचारले, “हे त्या दुकानदारासाठी चाललंय की तुमच्या गिरणीवाल्यासाठी?” मी उठून बाहेर गेले आणि पाणी पिऊन परत आले. त्या दुकानदारांची पत्नी सहा महिन्यांपूर्वी घर सोडून गेली होती आणि त्याविषयी एक अक्षरही आमच्यात निघाले नव्हते, कारण मी त्यांना कर्जाच्या बाहेर येऊच दिले नव्हते. माझे जुने ऋण मी त्यांच्या खात्यावर फेडत होते.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की कर्जाच्या कागदांसाठी वकील किंवा सनदी लेखापाल, आणि माझ्याकडे फक्त माणूस. तरीही दोन गोष्टी सांगायला हरकत नाही. सरफेसीखाली ताब्याची कारवाई झाली असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला ४५ दिवसांची मुदत असते, म्हणून ‘आधी त्यांचे मन ठिकाणावर येऊ दे’ म्हणून वकिलाकडे जाणे लांबवू नका. आणि वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. रात्री फोन येत असतील तर त्यांची नोंद ठेवून बँकेकडे लेखी तक्रार करावी.

याहून तातडीचे असे की, रात्री गच्चीवरच्या फेऱ्या आणि गप्प राहणे यांकडे काणाडोळा करू नका. त्यांना एकटे गाठून सरळ विचारा, “भाऊजी, जीव द्यावा असं मनात येतं का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट बहुतेकांना कोणी तरी विचारले याचेच बरे वाटते. उत्तर ‘हो’ असेल, किंवा उत्तर न देता ते नुसते पाहत राहिले, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य असते, आणि मराठीतून बोलता येते. तो क्रमांक आजच घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी समुपदेशकाकडे जाते. फी आम्ही भरतो, पण आत काय बोलणे होते ते सांगायला ते तयार नाहीत. हे योग्य आहे का?
(एक आई, जळगाव)

योग्य आहे, आणि आपली मुलगी चांगल्या ठिकाणी जाते आहे असे समजा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या तेविसाव्या कलमाने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा अधिकार दिला आहे, आणि मुलगी सज्ञान आहे. गोपनीयतेला अपवाद आहेत : तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसत असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले तर. या शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारकच असते, आणि हे मी प्रत्येकाला पहिल्या भेटीत सांगून ठेवते. बँकेत खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नसते. भाऊ काउंटरवर कितीही मूठ आपटो. ती सवय मला इथे जशीच्या तशी कामी आली. बँकेतून सोबत आलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी ती एक आहे.

प्रश्न : माझे पती आपल्याकडे यायला तयार झाले आहेत, पण ‘बँकेतल्या बाई आहेत तर मी सगळे कागद घेऊन जातो’ असे म्हणतात. पहिल्या भेटीत काय होते?
(एक वाचक, सिन्नर)

भेट पन्नास मिनिटांची असते. सुरुवातीची दहा मिनिटे फी, गोपनीयता आणि भेट रद्द करायची असल्यास काय करावे, हे सांगण्यात जातात. त्यानंतर मी “कुठून सुरुवात करायची?” एवढेच विचारते, आणि पुष्कळजण पहिला बराच वेळ दुसऱ्या कोणाविषयी तरी बोलतात, त्याला माझी हरकत नसते. मधे गप्प बसणे झाले तर मी ते मोडत नाही, याची पतींना आधीच कल्पना द्या, कारण काहींना वाटते की बाईंना पुढचे सुचत नाही. वहीत मी फारसे लिहीत नाही. पहिल्या दिवशी निदान किंवा तोडगा मिळत नाही; पुन्हा यायचे की नाही हे त्यांनी घरी जाऊन ठरवायचे असते.

कागदांचे म्हणाल तर फाइल खुशाल आणू द्या, तिच्याशिवाय त्यांना दारातून आत येववत नसेल तर ती हवीच. फक्त ती टेबलावर न ठेवता त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवावी, अशी माझी विनंती राहील, कारण टेबलावर ठेवलेल्या फाइलकडे माझा हात अजूनही आपोआप जातो.